शंभरामागे शंभर

मंगळवारी पावणेबाराला ठमीचा आकडा निघाला. त्र्याऐंशी.

"परत करा," साहेब म्हणाले.

"तीनदा केला, साहेब."

"मग चौथ्यांदा करा. चौथ्यांदा विचारलं तर आकडा काय रुसणार आहे?"

आकडा रुसला नाही आणि हललाही नाही. त्र्याऐंशी म्हणजे त्र्याऐंशी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि ते खिडकीतून फॅक्टरीच्या लांबलचक पत्र्यांकडे बघत बसले.

ठमी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी घरात चिकटलं ते एकतिसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. गल्लीत तिला मोजणीबाई म्हणत, कारण सरकारी मोजणी कचेरीत ती मोजणीदार होती. आणि या खेपेची मोजणी काही ऐरीगैरी नव्हती. सैनिकांचे तंबू, पट्टे, पाठीवरच्या बॅगा बनवणारी फॅक्टरी गावात ठेवायची की आठशे मैलांवरच्या दुसऱ्या गावी हलवायची, ते या मोजणीवर ठरणार होतं. वरच्या समितीनं हिशेब सरळ मांडला होता. संरक्षणावरचा पैसा जिथे जास्त हातांना काम देतो तिथेच तो खर्च व्हावा. फॅक्टरीतल्या शंभर माणसांमागे बाहेर, याच गावात, त्यांच्यामुळे आणखी शंभरांना काम मिळत असेल तर फॅक्टरी राहील. नव्व्याण्णव निघाले तर जाईल. ते दुसरं गाव तर पाट मांडून बसलेलंच होतं, जमीनही फुकट देत होतं.

फॅक्टरीत माणसं बाराशे. बाहेर ट्रकवाले, सुतार, खोकी बनवणारे, खाणावळवाले, दोरेवाले, भंगारवाले असे सगळे मिळून भरले नऊशे शहाण्णव. दोनशे चार डोकी कमी. आणि समिती येणार गुरुवारी अकराला.

"कुठे तरी माणसं राहिलीत," साहेब म्हणाले. "नाही तर नाहीतच. नसलेली लिहायची नाहीत हं, बाई. त्या खाणीच्या गावानं मेलेली माणसं यादीत घातली होती. तेव्हापासून प्रत्येक डोक्यामागे नाव, पत्ता आणि सही. वर दहातल्या एका घरी तपासनीस जाऊन बघतो."

"मी कधी नसलेलं लिहिलंय का, साहेब?"

"तेच म्हणतोय. म्हणून तर सगळं गाव तुमच्यावर टेकलंय."

साहेबांना वाटलं आपण धीर दिला. ठमीला मात्र ते ओझं वाटलं. तिचा दादा त्या फॅक्टरीत एकोणीस वर्षं तंबूच्या विभागात होता. फॅक्टरी हलली तर त्यानं आठशे मैल जायचं, नाही तर घरी बसायचं. आणि आईला तर मैलभरही हलवण्यासारखं नव्हतं.

तिनं फॅक्टरीच्या खरेदीची वही पुढे ओढली. मोजायची पद्धत जुनी होती. सकाळी कामाच्या जागेच्या फाटकावर उभं राहायचं, आत जाणाऱ्या प्रत्येक डोक्याला एक रेघ ओढायची, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. शहाण्या माणसांनी ठरवलेली पद्धत, चूक काढायची सोय नाही. तरी ठमी एकेका पुरवठादाराचा माल आणि त्याच्या फाटकावरच्या रेघा ताडून बघायला लागली. सुताराचं जुळलं. खोकीवाल्याचं जुळलं. दुपारी तीनच्या सुमाराला पट्ट्यांच्या कंत्राटदारापाशी तिची पेन्सिल थांबली.

बॅगेला लावायच्या पट्ट्यांचे चाळीस हजार जोड तो महिन्याला देत होता. त्याच्या शेडमध्ये मशिनी चोवीस. एका मशीनवर दिवसाला फार तर बारा जोड. महिन्याला सव्वासात हजारांच्या वर काही केल्या जाईना. मग उरलेले तेहतीस हजार जोड काय आभाळातून पडतात?

आभाळातून नाही. ते कुठून येतात ते ठमीला ठाऊक होतं. फॅक्टरीतल्या कारकुनाला ठाऊक नसेल, साहेबांना नसेल, पण तिला नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. तिच्या घरात, आईच्या खाटेला लागून, एक मशीन होती. रोज सकाळी कंत्राटदाराचा टेम्पो गल्लीत गाठोडी टाकून जायचा आणि संध्याकाळी शिवलेले जोड उचलायचा. वहिनी बावीस वर्षं त्या पट्ट्या शिवत होती. ठमीची शाळेची, कॉलेजची फी त्या पट्ट्यांतून गेली होती. गल्लीगल्लीत अशा बायका होत्या. फाटकातून त्या कधी आत गेल्या नाहीत, म्हणून ठमीच्या रेघांत कधी आल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर ते काम आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. घरी सगळे त्याला हातभार म्हणत. सगळ्या गावाची मोजदाद करणारी बाई, आणि आपल्याच घरातलं माणूस मोजायचं विसरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आनंदानं ती खुर्चीतून उठलीसुद्धा. मग वहीच्या मागे डकवलेला करार तिनं वाचला आणि परत खाली बसली. करारात कलम होतं: प्रत्येक जोड कंत्राटदाराच्या स्वतःच्या छपराखाली, तपासणाऱ्याच्या डोळ्यांदेखत शिवला गेला पाहिजे. बाहेर शिवायला देणं म्हणजे करारभंग. नावं लिहिली की घरचं काम बंद.

*

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वहिनी मशीनवर होती. दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीपाशी आईची खाट. चार वर्षांपूर्वी आईची एक बाजू गेली होती. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायला लागायचं, नाही तर पाठीला जखमा होत. वहिनी वळवायची, परत मशीनवर बसायची, परत उठायची.

ठमीनं एका दमात सगळं सांगितलं. वहिनीचा पाय मशीनच्या पायट्यावर हळू हळू थांबला.

"म्हणजे माझं नाव लिहिणार तू. आणि मग कंत्राटदार सांगणार, शेडमध्ये येऊन शिवा."

"हो."

"आठ ते पाच."

"हो."

"मग आईंना कोण वळवणार? तुझा आकडा?"

तेवढ्यात दादा आला. चप्पल काढता काढता त्यानं अर्धं ऐकलं, आणि उरलेलं अर्धं न ऐकताच निकाल देऊन टाकला. "लिही ठमे. विचार कसला करतेस? फॅक्टरी राहिली पाहिजे. आईसाठी एखादी बाई ठेवू."

वहिनी हसली. चांगलं नव्हे, वाईट हसली. "बाईला द्यायचे तेवढे तरी मला पट्ट्यांचे मिळतात का हो? बघा एकदा विचारून, बावीस वर्षांत पहिल्यांदा."

जेवताना कोणी कोणाकडे बघेना. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे चार माणसं घास गिळत बसलेली. आईला भरवता भरवता वहिनी एकदाच बोलली, तेही भिंतीकडे बघून. "फॅक्टरी जाणार, फॅक्टरी जाणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. लांडगा आला रे आला. गेली का?"

"या वेळी जाईल, वहिनी."

"तुला कसं कळलं?"

"मीच मोजलंय."

*

बुधवारी सात वाजता ठमी तीनशे कोरे फॉर्म घेऊन गल्लीत उतरली. संध्याकाळपर्यंत निदान दोनशे चार सह्या हव्या होत्या. दहा वाजेपर्यंत एकही मिळाली नाही.

पहिल्याच घरातल्या चष्मेवाल्या काकूंनी तिला बघून पट्ट्यांचं गाठोडं पायानं खाटेखाली सारलं. "मी? मी कुठे काय शिवते गं? मला धड दिसत नाही." दाताखाली दोरा तसाच लोंबत होता. पुढच्या घरी मशीनवर चादर टाकलेली, आणि चादरीतून पट्टी बाहेर आलेली. त्याच्या पुढच्या घरी दारच उघडेना, आत मशीन मात्र खडखडत होती. चौथ्या घरातली सून निदान तोंडावर बोलली. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, मोजणीबाई. आमच्या पट्ट्यांवर शिकलीस आणि आमच्याच पोटावर पाय?"

ठमीला ते लागलं. लागायला हवंच होतं. पण फॉर्म घेऊन ती पुढच्या दाराशी गेली. दुसरं करणार काय?

साडेदहाला कंत्राटदार स्वतः आला. जाडगेला, घामाघूम, हातात रुमाल. गल्लीच्या तोंडाशी त्यानं तिला गाठलं आणि आवाज चढवला नाही, हीच भीती वाटण्यासारखी गोष्ट होती.

"ताई, मी वाईट माणूस नाही. अडीचशे मशिनी एका छपराखाली ठेवायच्या तर छप्पर केवढं लागेल? फॅक्टरी भाव वाढवून देत नाही. म्हणून घरोघर. सगळ्यांचं भागतं. तुम्ही नावं लिहिलीत तर दंड मला, आणि उपास या बायकांना."

"फॅक्टरी गेली तर सगळ्यांनाच उपास."

"ती जाईल तेव्हा जाईल." त्यानं कपाळ पुसलं. "तुमच्या वहिनींचं गाठोडं आज आलं नाही, बघितलंत ना? चुकून राहिलं असेल. उद्या येईल. तुमच्यावर आहे."

तो गेला. समितीला चोवीस तास उरलेले आणि तीनशे फॉर्म तसेच कोरे. तिला रडू फुटायचंच बाकी होतं, तेवढ्यात जिन्यावरून वहिनी खाली येताना दिसली. आईपाशी तिनं शेजारणीला बसवलं होतं. चालण्यावरून ठमीनं ओळखलं की वहिनीचं डोकं फिरलंय.

"मला गाठोडं पाठवत नाही काय? मला घाबरवतो? बावीस वर्षं त्याची एक पट्टी उसवून परत आली नाही माझ्याकडून. आण ते पेन."

तिनं पहिला फॉर्म पायरीवरच भरला, सही केली, आणि ठमीच्या हातातला गठ्ठा हिसकावून चष्मेवाल्या काकूंच्या दारावर थाप मारली.

"काकू, खाटेखालचं गाठोडं बाहेर काढा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? फॅक्टरीच गेली तर या पट्ट्या काय गळ्यात बांधून हिंडायच्या? शेड तर शेड. तुमची सून घर बघेल, तुम्ही चार बायकांत बसाल. चारचौघींत बसून शिवलं तर भावाचं तरी बोलता येईल त्याच्याशी. सही करा."

"आणि तू गं? तुझ्या सासूचं काय?"

"माझं माझ्यापाशी. सही करा."

असं दारोदार. ठमी मागून फॉर्म उचलत गेली. ज्यांच्या घरी बघायला कोणी होतं त्यांनी लवकर सह्या केल्या. ज्यांच्या घरी आजारी माणूस नाही तर तान्हं मूल होतं त्या वहिनीच्या तोंडाकडे बघत. ही आपल्यासारखीच अडकलेली बाई दुसऱ्यांसाठी एवढी का झटतेय, ते त्यांना कळेना, आणि लाजेकाजेनं त्याही सही करत. संध्याकाळी सहाला फॉर्म मोजले. दोनशे एकसष्ट.

नऊशे शहाण्णव आणि दोनशे एकसष्ट, बाराशे सत्तावन्न. शंभरामागे जवळजवळ एकशेपाच. गुरुवारी समितीच्या अध्यक्षबाईंनी आकडा दोनदा वाचला आणि मान डोलावली. फॅक्टरी राहील, पण एका अटीवर. तीन आठवड्यांनी तपासनीस येईल, नव्या नावांतली दहाला एक अशी सव्वीस चिठ्ठ्या काढून निवडील, आणि तपासणीच्या दिवशी ते माणूस खरोखर कामावर आहे का ते बघेल. जेवढी नावं कच्ची निघतील त्या प्रमाणात आकडा खाली येईल.

"येईना का," साहेब म्हणाले. "आपला खरा आहे."

*

खरा होता, गुरुवारपर्यंत. शुक्रवारी कंत्राटदाराला नोटीस गेली आणि पंधरा दिवसांत त्यानं शेडला लागून पत्रे ठोकले. मशिनी त्याच्याच होत्या, टेम्पोत घालून घरोघरून उचलून नेल्या. चाळीस हजार जोड तर द्यायचेच होते, तेव्हा येईल तिला तो मुकाट बसवून घेत होता. फाटकावर पाटीच लावली, बायका पाहिजेत, अर्धा दिवस आलात तरी चालेल, दुपारची घंटा दीडला. सकाळी साडेसातला बायका डबे घेऊन घोळक्यानं निघायच्या. चष्मेवाल्या काकू सगळ्यांत पुढे.

वहिनीच्या मशीनच्या जागी आता बादली होती. टेम्पो खालून जायचा तेव्हा ती खिडकीतून बघायची, मग आईला वळवायची, मग करण्यासारखं काही नसायचं. एका शब्दानं तिनं ठमीला बोल लावला नाही. आणि ठमीनं काय केलं? इथे तिला चार शब्द सुनावायलाच हवेत. एवढी शिकलेली, एवढी खऱ्याची, पण एकदाही बसून विचारलं नाही की वहिनी, तुझं काय? दादा तर काय, तो फॅक्टरी वाचली म्हणून शीळ घालत हिंडत होता. दोघं मूग गिळून बसली, कारण विचारलं असतं तर उत्तर द्यायला लागलं असतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी तपासनीस आला. कोरडा, उंच, पायात धुळीचे बूट, छापील कागदांची फाइल काखेत. सव्वीस चिठ्ठ्या काढून त्यानं ठमीला बरोबर घेतलं. दार दाखवायचं, आत बोलायचं नाही, हा नियम.

सकाळभर काम झपाट्यानं झालं. शेडमध्ये सोळा जणी जागच्या जागी सापडल्या, चार जणी जेवायला घरी आलेल्या, हजेरीच्या कार्डासकट. पण पाच घरं कच्ची निघाली. एकीचं बाळ तापलेलं. एकीच्या नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये. तिसरीच्या सासऱ्यांना दिसत नव्हतं, दारात कडी लावून जाता येत नव्हतं. चौथी, पाचवी तशाच. तपासनीस प्रत्येक वेळी 'नाही' लिहायचा आणि ठमीच्या डोक्यात गणित सुरू व्हायचं. एक चिठ्ठी म्हणजे दहा नावं. पाच गेल्या तर बाराशे सात राहतात, फॅक्टरी राहते. सहा गेल्या तर अकराशे सत्त्याण्णव. तिघांवरून सगळं गाव जाणार.

शेवटची चिठ्ठी त्यानं उलगडली. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. पत्ता मोठ्यानं वाचला.

"हे माझं घर आहे," ती म्हणाली.

"मग तुम्ही बाहेर थांबा."

ती दाराबाहेर थांबली. दार उघडंच होतं. आत वहिनी आईला पाणी पाजत होती. पाच गेल्यात हे वहिनीला ठाऊक नव्हतं. आपल्या एका शब्दावर बाराशे घरं लोंबताहेत हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ठमीला सांगायची मुभा नव्हती. डोळ्यांनी खुणावलं असतं तरी तेही खोटंच झालं असतं. तिचा जीव टांगणीला लागला.

"पट्ट्या शिवता?" तपासनीसानं विचारलं.

"शिवत होते. बावीस वर्षं."

"आज कामावर आहात?"

वहिनीनं पेला खाली ठेवला. दाराकडे बघितलं, ठमीकडे. घाबरलेली नणंद बघून तिला वाटलं असेल, पोरगी भितेय की वहिनी खोटं बोलेल आणि हिच्या खऱ्या कागदाला डाग लागेल. म्हणून तिनं अगदी स्वच्छ आवाजात सांगितलं.

"नाही. आज नाही."

पेन टेकलं.

"थांबा!" ठमी आत आली. "लिहू नका."

"बाई, तुम्हाला बोलायचं नाहीये."

"घड्याळ बघा. एक वाजून आठ मिनिटं. दीडला शेडची घंटा होते. अर्ध्या दिवसाची हजेरी लागते, कार्ड मिळतं. तुमच्या कागदावर आजची तारीख आहे. वेळ लिहिलीय का?"

तपासनीसानं कागद बघितला. उलटून मागची बाजूही बघितली. "नाही. वेळ नाही."

"मग दीडला ती कामावर असेल तर?"

"मला स्वतः बघावं लागेल. आणि एक सांगतो, एका दिवसाचं सोंग मी लिहून घेणार नाही. उद्या, परवा, पुढल्या महिन्यात जाणार आहेत का या? या आजींपाशी कोण?"

"मी."

"ठमे, काय बडबडतेस?" वहिनी म्हणाली.

"मी बसणार. उद्यापण. आणि परवापण. चप्पल घाल, वहिनी."

"तुझी नोकरी आहे!"

"तुझीपण होती." ठमीनं वहिनीची चप्पल तिच्यापुढे सरकवली. "माझ्यामुळे गेली. मी लिहिली आणि मीच घालवली, आणि तीन आठवडे तुझ्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नाही. खोटं लिहायचं नाही म्हणते ना मी? मग ते खरं करायला लागतं. मीच करणार. जा ना गं, बावीस मिनिटं राहिलीत!"

वहिनी हलेना. खाटेवरून आईनं तिचा चांगला हात उचलला आणि दाराकडे केला. तोंडाच्या एका बाजूनं शब्द निघाला तो नीट कळला नाही, पण हात कळला. वहिनीनं पदरानं डोळे पुसले, खिळ्यावरची पिशवी घेतली, आणि जिन्यावरून धडधडत खाली गेली. मागोमाग तपासनीस, फाइल छातीशी धरून. ठमीनं खिडकीतून बघितलं. पंचेचाळीस वर्षांची बाई भर दुपारी गल्लीतून पळत होती आणि उंच तपासनीसाला तिला गाठता येत नव्हतं. कोपऱ्यावरून दोघं दिसेनाशी झाली.

मग घंटा ऐकू आली. पोचली की नाही पोचली, कळायला मार्ग नाही.

आईच्या वळण्याची वेळ झाली होती. ठमीनं खांद्याखाली हात घातला आणि ओढलं. आई कण्हली. चार वर्षं एका घरात राहून तिला हे काम येत नव्हतं, कधी केलंच नव्हतं. खांदा आधी की कंबर? उशी कुठे? दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा तिचा स्वतःचा हात आईच्या पाठीखाली अडकला आणि दोघी तशाच थांबल्या.

पावणेदोनला तपासनीस परत आला, घामानं निथळत. "लागली हजेरी. एक मिनिट आधी." त्यानं कागद पुढे केला. शेवटच्या रकान्यात 'आहे' लिहिलं होतं. "इथे तुमची सही. स्थानिक मोजणीदार."

ठमीनं हात सोडवून घेतला. फॅक्टरी राहिली होती. दादा, साहेब, कंत्राटदार, चष्मेवाल्या काकू, सगळे राहिले होते. तिनं नाव लिहिलं, त्याखाली पद लिहिलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, "माझं पद उद्या रिकामं होईल. एक काम कमी झालं. ते कुठे लिहायचं?"

तपासनीसानं तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला. माणूस प्रामाणिक होता, खरोखर शोधलं त्यानं.

"त्याला इथे रकाना नाही, बाई," तो म्हणाला. मग फाइल खुर्चीवर ठेवून बाह्या वर सारल्या. "सरका. माझ्या वडिलांचं मी केलंय. आधी गुडघा वाकवायचा."